मोबाईलवर मदत आली, पण घरात पीठ किती आलं? अस्थिर देशातली रोख मदत आणि दुकानदाराचा गल्ला



डिजिटल पेमेंटवरचा व्हिडिओ आला की एक प्रश्न ठरलेला असतो: "सर, पैसे मोबाईलवर आले म्हणजे काम झालं ना? मग मधल्या दुकानदाराची गरजच काय?"

या प्रश्नाचं उत्तर आपल्या बाजारात नीट दिसत नाही. आपल्याकडे रुपया बऱ्यापैकी स्थिर आहे, गावोगावी बँकेचं खातं आहे, यूपीआय आहे. उत्तर बघायचं असेल तर जिथे चलनच डळमळीत आहे आणि दुष्काळात लोकांना मोबाईलवरून मदत पाठवली जाते, असे देश बघायला हवेत. आज आपण असे दोन देश बघणार आहोत, झिम्बाब्वे आणि सोमालिया. दोन्हीकडे तंत्र जवळपास सारखंच आहे. परिणाम मात्र वेगळा झाला.

व्हिडिओत वेळ कमी पडतो, म्हणून इथे सविस्तर लिहितोय. धंदा सुरू करायच्या विचारात असाल तर शेवटपर्यंत वाचा. कारण ही गोष्ट मदतीची असली तरी तिचा खरा नायक, आणि कधी कधी खलनायकसुद्धा, गल्ल्यावर बसलेला माणूस आहे.

धान्याऐवजी पैसे का देतात?

दुष्काळ, युद्ध, पूर आला की मदत म्हणजे धान्याचे ट्रक, हे चित्र आपल्या डोळ्यासमोर असतं. पण गेल्या पंधरा-वीस वर्षांत मदत संस्था मोठ्या प्रमाणावर रोख पैसे देऊ लागल्या आहेत. कारण साधं आहे. एका घराला पीठ लागतं, दुसऱ्याला औषध, तिसऱ्याला शेळीला चारा. काय हवं ते त्या घरालाच जास्त कळतं. शिवाय बाहेरून फुकट धान्य ओतलं की स्थानिक दुकानदाराचा माल पडून राहतो. पैसे दिले की तोच पैसा त्याच्या दुकानात फिरतो.

पण पैसे देण्यात एक अट लपलेली आहे. बाजारात माल असला पाहिजे आणि त्या पैशाला किंमत असली पाहिजे. ही अट लक्षात ठेवा, पुढे ती पुन्हा पुन्हा येणार आहे.

मोबाईलच का?

केनियात २००७ मध्ये सफारीकॉम कंपनीने एम-पेसा सुरू केलं. साधा बटणांचा फोन, त्यावर एक कोड दाबायचा, पिन टाकायचा, पैसे गेले. ना स्मार्टफोन, ना इंटरनेट, ना बँकेचं खातं. निवडणुकीनंतर तिथे दंगली उसळल्या, तेव्हा २००८ च्या सुरुवातीला कन्सर्न वर्ल्डवाइड या संस्थेने केरिओ खोऱ्यातल्या सुमारे ५७० कुटुंबांना एम-पेसावरून मदत पाठवली. प्रत्येकाकडे फोन नव्हता, म्हणून दहा-दहा घरांचे गट करून गटाला एक फोन आणि सोलर चार्जर दिला. असा जुगाड आपल्याही ओळखीचा आहे!

पुढे नायजर देशात दुष्काळाच्या काळात अर्थतज्ज्ञांनी तुलनाच केली. काही गावांत पाकिटातून रोख दिली, काही गावांत मोबाईलवर. मोबाईलवर पैसे मिळालेल्या घरांना पैसे घ्यायला कमी लांब जावं लागलं आणि त्यांच्या जेवणात जास्त प्रकारचे पदार्थ आले. वेळ वाचला. पैसे कधी आणि किती आले हे चारचौघांत कळलं नाही, त्यामुळे घरातल्या बाईच्या हातात त्याचा निर्णय जरा जास्त राहिला.

म्हणजे तंत्र चांगलं आहे, यात वाद नाही. प्रश्न पुढे सुरू होतो.

पैसे घरापर्यंत पोहोचतात कसे?

पायऱ्या बघा:

१. मदत संस्था लाभार्थ्यांची यादी करते: नाव, मोबाईल नंबर, रक्कम.

२. संस्था मोबाईल कंपनीकडे एकरकमी पैसे जमा करते.

३. कंपनी एका झटक्यात सगळ्या नंबरांवर रक्कम टाकते.

४. घरातल्या माणसाला मेसेज येतो.

५. तो एजंटकडे जाऊन रोख काढतो किंवा थेट दुकानात मोबाईलने पैसे देतो.

पहिल्या चार पायऱ्या ऑफिसात बसून होतात. मदत संस्थेच्या अहवालात तिथेच "१०० टक्के वाटप पूर्ण" असं लिहिता येतं. पण त्या घरासाठी खरी गोष्ट पाचव्या पायरीला घडते, आणि ती पायरी पूर्णपणे दुकानदाराच्या हातात असते.

एजंटचे दोन गल्ले

मोबाईल मनीच्या एजंटकडे दोन गल्ले असतात. एक मोबाईलमधला शिल्लक पैसा आणि एक खणातली रोकड. कोणी पैसे काढले की रोकड कमी होते, मोबाईलमधला आकडा वाढतो. कोणी पैसे भरले की उलटं. दोन्ही गल्ले भरलेले ठेवणं हाच त्याचा धंदा. त्यात तो स्वतःचं भांडवल अडकवतो आणि बदल्यात छोटं कमिशन घेतो.

आपल्याकडचं उदाहरण घ्या. लाडकी बहीण योजनेचा १५०० रुपयांचा हप्ता जमा झाला की गावातल्या सीएसपी केंद्रावर गर्दी होते. सगळ्यांना एकाच दिवशी रोख हवी असते, आणि केंद्रवाल्याची रोकड दुपारपर्यंत संपते. "उद्या या" म्हणावं लागतं. पण आपल्याकडे उद्या आलं तरी १५०० चे १५०० च असतात.

आता कल्पना करा, उद्या आलं तर त्याच पैशात कमी माल मिळतो. हेच झिम्बाब्वेत झालं.

झिम्बाब्वे: आकडा आला, किंमत गेली

झिम्बाब्वेची २००८ ची महागाई तुम्ही ऐकली असेल. १०० ट्रिलियन डॉलरची नोट छापायची वेळ आली होती. शेवटी २००९ मध्ये स्वतःचं चलन बाजूला ठेवून देशाने अमेरिकी डॉलर आणि इतर परकी चलनं वापरायला सुरुवात केली. भाव शांत झाले. २०११ मध्ये इकोनेट कंपनीने इकोकॅश ही मोबाईल मनी सेवा आणली आणि ती घराघरात पोहोचली. २०१५-१६ च्या एल निनो दुष्काळात मदत संस्थांनी तिथल्या ग्रामीण कुटुंबांना मोबाईलवर रोख मदत पाठवली, तेव्हा हे सगळ्यात सोयीचं साधन होतं.

पण २०१६ पासून देशात डॉलरच्या नोटांचीच टंचाई झाली. सरकारने नोव्हेंबर २०१६ मध्ये "बॉन्ड नोट" काढल्या आणि सांगितलं, एक बॉन्ड डॉलर म्हणजे एक अमेरिकी डॉलर. कागदावर बरोबर. बाजाराने मात्र ते मानलं नाही. दुकानात एकाच वस्तूचे वेगवेगळे भाव सुरू झाले: अमेरिकी नोट दिली तर सगळ्यात कमी, बॉन्ड नोट दिली तर जास्त, मोबाईल किंवा कार्डने दिले तर आणखी जास्त. मोबाईलमधला एक डॉलर आणि हातातला एक डॉलर या दोन वेगळ्या गोष्टी झाल्या.

फेब्रुवारी २०१९ मध्ये सरकारने नवा स्थानिक डॉलर आणला, सुरुवातीचा दर एका अमेरिकी डॉलरला २.५. जून २०१९ मध्ये परकी चलनात व्यवहार करायला बंदी घातली. रोकड इतकी दुर्मीळ झाली की एजंट मोबाईलमधले पैसे रोखीत द्यायला ३०-४० टक्क्यांपर्यंतही कापून घेऊ लागले. ३० सप्टेंबर २०१९ ला मध्यवर्ती बँकेने मोबाईल मनीतून रोख काढण्या-भरण्यावर बंदीच घातली, मग काही दिवसांत थोड्या रकमेपुरती सूट दिली. जून २०२० मध्ये पुन्हा मोबाईल मनीवर मोठे निर्बंध आले. जुलै २०२० मध्ये वार्षिक महागाई ८३७ टक्क्यांवर गेली.

अशा वातावरणात मदत मोबाईलवर पाठवायची म्हणजे काय? जागतिक अन्न कार्यक्रमाने २०१९ च्या अखेरीस तिथे ४० लाखांहून अधिक लोकांपर्यंत पोहोचायची तयारी केली, तेव्हा महागाई आणि रोकडटंचाईमुळे पैशांऐवजी पुन्हा धान्य देण्याकडे वळावं लागलं. जगभर धान्याकडून पैशांकडे प्रवास चालू असताना इथे गाडी उलटी फिरली.

एक साधं गणित

हे गणित समजण्यासाठी मी घेतलेले आकडे आहेत, खरी आकडेवारी नाही. वही-पेन घ्या.

समजा, महिन्याच्या सुरुवातीला मक्याच्या पिठाची पिशवी १०० ची आहे. संस्थेने ठरवलं, एका घराला ४ पिशव्या लागतात, म्हणून ४०० पाठवू.

- मंजुरी, यादी, ट्रान्सफर यात दोन आठवडे गेले. पिशवी १२५ ला गेली. ४०० मध्ये आता ३ पिशव्या आणि थोडी चिल्लर.
- दुकानदार फक्त रोख घेतो. एजंटने ३० टक्के कापले. हातात २८०. म्हणजे २ पिशव्या.
- किंवा दुकानदार मोबाईलवर घेतो, पण मोबाईलचा भाव रोखीपेक्षा पाव पट जास्त, १५६. तरीही २ च पिशव्या.

संस्थेच्या हिशोबात ४०० पोहोचले. एक पैसा कुणी चोरला नाही. तरी घरात चारऐवजी दोन पिशव्या आल्या. बाकीच्या दोन पिशव्या कुठे गेल्या? उशिरात, टंचाईत आणि चलनात विरघळल्या. महिना दोन पिशव्यांत काढायचा म्हणजे घरात कोणीतरी एका वेळेला उपाशी राहणार, आणि बहुतेक वेळा ती आई असते.

मग दुकानदार लबाड होता का?

इथे उद्योजक म्हणून थांबून विचार करा. काही जण नक्कीच लबाडी करत होते. पण सगळ्यांचंच तसं नव्हतं.

त्याच दुकानदाराच्या जागी स्वतःला ठेवा. तुम्ही १० पिशव्या १०० च्या भावाने विकल्या. गल्ल्यात १००० आले. घाऊक व्यापारी म्हणतो, आजचा भाव १२५. तुमच्या १००० मध्ये ८ पिशव्या येतात. १० विकल्या, ८ आल्या. खरेदीपेक्षा चार पैसे वर घेऊन विकल्या म्हणून वहीत नफा दिसतो, पण दुकान आकसत चाललंय. त्यात घाऊकवाला म्हणतो, मोबाईलचे पैसे नको, नोटा दे. शिवाय २०१८ च्या ऑक्टोबरपासून तिथे बहुतेक डिजिटल व्यवहारांवर २ टक्के कर लागला होता.

अशा दुकानदाराला भाव वाढवण्याशिवाय पर्याय नसतो. तो भाव आजच्या खरेदीवर ठरवत नाही, उद्या तोच माल भरायला किती लागतील यावर ठरवतो. एजंटचंही तसंच. रोकड आणायला त्यालाच जास्त मोजावे लागत होते.

म्हणून नुसती बंदी घालून किंवा भावावर आदेश काढून हा प्रश्न सुटला नाही. आजार चलनात होता, तो फक्त गल्ल्यावर दिसत होता.

सोमालिया: सरकार मोडकळीला, पण मोबाईल पक्का

आता उलटं उदाहरण. सोमालियात १९९१ मध्ये केंद्रीय सरकार कोसळलं, मध्यवर्ती बँकही बंद पडली. त्यानंतर अनेक दशकं अधिकृत नोटा छापल्याच गेल्या नाहीत. चलनात असलेल्या शिलिंगच्या जवळजवळ सगळ्या नोटा बनावट आहेत, असं खुद्द आंतरराष्ट्रीय नाणेनिधीने म्हटलं आहे. झिम्बाब्वेपेक्षा अवस्था वाईट, असंच वाटेल ना?

पण इथे मोबाईल मनी जबरदस्त चालला. सोमालीलँडमध्ये टेलिसोमची झाड ही सेवा २००९ मध्ये आली, मोगादिशूकडे होर्मूदची ईव्हीसी प्लस २०११ मध्ये. जागतिक बँकेच्या २०१८ च्या अहवालानुसार १६ वर्षांवरच्या जवळपास ७३ टक्के लोकांकडे मोबाईल मनी होता.

कारणं तीन आहेत, आणि तिन्ही धंद्याची आहेत.

पहिलं, खातं अमेरिकी डॉलरमध्ये. सोमवारी आलेले २० डॉलर शुक्रवारीही २० डॉलर. परदेशी राहणारे सोमाली लोक दरवर्षी १०० कोटी डॉलरहून जास्त रक्कम घरी पाठवतात, त्यामुळे देशात डॉलर खरोखर येतात.

दुसरं, रोख काढायची गरजच कमी. भाजीवाली, चहावाला, पाण्याची गाढवगाडीवाला, सगळे मोबाईलवर पैसे घेतात. लोक रोख मागत नाहीत, म्हणून एजंटच्या खणावर ताण येत नाही.

तिसरं, एकाने दुसऱ्याला पाठवायला शुल्क नाही, निदान सुरुवातीपासूनचं धोरण तसं होतं. लोकांना सवय लागली, विश्वास बसला.

हा पाया तयार असल्यामुळे मदत संस्थांना त्यावर उभं राहता आलं. २०११ च्या भीषण दुष्काळात, ज्यात सुमारे अडीच लाख लोक गेले, रोख मदत मुख्यतः हवाला व्यापाऱ्यांमार्फत द्यावी लागली होती. २०२० मध्ये सरकारने जागतिक बँकेच्या मदतीने "बखनानो" ही योजना सुरू केली, तेव्हा सुमारे दोन लाख गरीब कुटुंबांना महिन्याला २० डॉलर थेट मोबाईलवर देण्याची सोय झाली. २०२१ मध्ये मध्यवर्ती बँकेने होर्मूदला मोबाईल मनीचा पहिला परवाना दिला. म्हणजे आधी बाजाराने व्यवस्था उभी केली, नियम मागून आले.

डॉलर म्हणजे जादूची कांडी नाही

सोमालियातही अडचणी आहेत, त्या लपवून उपयोग नाही.

एक, सोमालियात येणाऱ्या गव्हाचा मोठा भाग रशिया आणि युक्रेनमधून येतो. २०२२ मध्ये तिथे युद्ध पेटलं, त्यात सोमालियात पावसाचे हंगाम एकामागून एक कोरडे गेले. पिठाचे भाव डॉलरमध्येच वाढले. चलन घट्ट असलं तरी माल महाग झाला की मदतीची रक्कम वाढवावीच लागते.

दोन, विस्थापितांच्या छावण्यांत जागा देणारे आणि "व्यवस्था बघणारे" लोक मदतीतला वाटा मागतात. पैसे फोनवर गुपचूप आले तरी कोणाला आले हे त्यांना ठाऊक असतं.

तीन, २०१० मध्ये अल-शबाबने आपल्या ताब्यातल्या भागात मोबाईल मनीवर बंदी घातली होती. ज्याच्या हातात बंदूक, त्याच्या हातात टॉवर.

आणि एक गोष्ट खास दुकानदारांसाठी. तिथली बरीच घरं महिनाभर दुकानातून उधारीवर माल नेतात आणि मदत आली की खातं मिटवतात. मदत वेळेवर येते असा विश्वास दुकानदाराला असेल तर तो उधार देतो. म्हणजे नियमित २० डॉलरमुळे घराची पतसुद्धा उभी राहते. तारीख चुकली की उधारी बंद, मग पैसे येईपर्यंत चूल थंड.

पैसे पाठवण्याआधी विचारायचे पाच प्रश्न

दोन्ही देशांवरून मदतीचं काम करणाऱ्याला पाच प्रश्न विचारावेच लागतात:

१. लोकांना हव्या त्या वस्तू जवळच्या बाजारात आहेत का? नसतील तर पैसे देऊन फक्त भाव वाढेल.

२. मोबाईलमधल्या पैशात आणि रोखीत भावाचा फरक किती आहे? फरक असेल तर रक्कम त्यानुसार वाढवा किंवा दुसरा मार्ग शोधा.

३. एजंटकडे वाटपाच्या दिवशी पुरेशी रोकड आहे का? नसेल तर वेगवेगळ्या गावांना वेगवेगळ्या तारखा द्या.

४. रक्कम ठरवल्यापासून हातात पडेपर्यंत किती दिवस जातात? महागाईत प्रत्येक दिवस म्हणजे कपात.

५. पाचव्या पायरीनंतर कोणी मोजतंय का? घरात जाऊन "किती पीठ आलं?" हे विचारल्याशिवाय वाटप पूर्ण म्हणू नये.

उत्तरं वाईट आली तर मोबाईलचा हट्ट धरायचा नाही. कधी व्हाउचर, कधी डॉलरमधली रोख, कधी सरळ धान्य. साधन कोणतंही असो, माणूस जेवला पाहिजे.

आपण यातून काय घ्यायचं?

आपलं गाव झिम्बाब्वे नाही, आणि होऊही नये. पण दुकान टाकणाऱ्या, सीएसपी केंद्र घेणाऱ्या किंवा एजन्सी चालवणाऱ्या माणसाला चार गोष्टी इथून थेट उपयोगी पडतात.

- गल्ल्यातली रक्कम मोजा, तसाच माल मोजा. महिनाअखेर विक्री वाढली आणि शेल्फवरचा माल कमी झाला, तर तो नफा नाही. तेल, डाळ, सोनं, मोबाईलचे सुटे भाग, जिथे भाव झपाट्याने बदलतात तिथे पुन्हा भरायचा भाव आधी बघा, मग विक्रीचा भाव लावा.
- पैसे देण्या-घेण्याचं केंद्र म्हणजे रोकडीचा धंदा. कमिशन किती यापेक्षा आधी विचारा, हप्त्याच्या दिवशी लागणारी रोकड मी कुठून आणणार? बँकेची शाखा किती लांब? येता-जाता सुरक्षित आहे का?
- अडलेल्या माणसाकडून जादा कापू नका. ठरलेल्या कमिशनवर दहा रुपये जादा घेतले की त्या दिवशी कमाई दिसते. पण ग्राहक पुढच्या महिन्यात दुसरं दुकान शोधतो. शिवाय नियमात ते बसत नाही आणि केंद्र जाऊ शकतं.
- विश्वास हेच चलन. सोमालियात सरकार मोडकळीला आलेलं होतं, खऱ्या नोटा नव्हत्या, तरी व्यवहार चालला. कारण मोबाईलवर आलेला डॉलर उद्या दुकानात चालेल याची लोकांना खात्री होती. झिम्बाब्वेत सरकार होतं, कायदा होता, आदेश होते. ती खात्री मात्र गेली होती.

तर सुरुवातीच्या प्रश्नाचं उत्तर: नाही, पैसे मोबाईलवर आले म्हणजे काम झालं नाही. जो दुकानदार त्या पैशाच्या बदल्यात पूर्ण मापाचं पीठ देतो, तो काम पूर्ण करतो. उद्या तुम्ही गल्ल्यावर बसाल तेव्हा ही शेवटची पायरी तुमच्या हातात असेल.

तुमच्या गावात हप्त्याच्या दिवशी पैसे काढताना काय अडचण येते, केंद्र चालवत असाल तर रोकड कशी सांभाळता, ते कमेंटमध्ये नक्की लिहा. चांगल्या युक्त्या पुढच्या व्हिडिओत घेऊया. भेटू!